कंपवाताचा रुग्ण : औषधकाल, अनुपान व दिनचर्या

चरकसंहितेत ८० नानात्मज वातविकारांची जी गणना आहे, तीत वेपथु आहे, विषाद आहे आणि अस्वप्नही आहे. पार्किन्सन रोगाचे रुग्ण ज्यांनी दीर्घकाळ पाहिले आहेत, त्यांस ही तीन नावे एकाच यादीत वाचताना क्षणभर थांबावेसे वाटेल. कारण कंपाइतकेच विषाद व निद्रानाशही या रुग्णास छळत असतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या आधारे या व्याधीचे वर्णन केले. आपल्याकडे माधवनिदानात वेपथूचा स्वतंत्र निर्देश आहे, तर बसवराजीयात कंपवात हे नाव येते. नाम व संप्राप्ती यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. तीत भर घालण्याचा आमचा हेतू नाही. प्रस्तुत लेखाचा विषय रुग्णाचा दिवस हा आहे. सकाळी उठल्यापासून रात्री कूस बदलेपर्यंत त्याचे काय होते, आणि त्या दिवसात आपण दिलेली पुडी नेमकी कोठे बसते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आमच्या हातून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक, वय ६७, आमच्याकडे आले. उजव्या हाताचा कंप चार वर्षांपासून, चाल मंद, आवाज क्षीण, मलावष्टंभ तीव्र. व्याधीची पहिली जाणीव त्यांस बँकेत झाली होती. सही जुळत नाही म्हणून निवृत्तिवेतनाचा धनादेश परत आला. अक्षर बारीक बारीक होत गेले होते. मज्जातंतुतज्ज्ञांची औषधे चालू होती. आम्ही रुग्णपत्रिकेवर ‘ॲलोपॅथिक औषधे चालू’ एवढेच लिहिले आणि पुढे गेलो. कपिकच्छू चूर्ण ५ ग्रॅम दिवसातून दोनदा कोमट दुधाबरोबर दिले, जोडीला मात्राबस्ती योजिला.

पहिल्या आठवड्यात मिळालेला उपशय पाहून आम्ही हरखून गेलो. सदरा स्वतः घालू लागले, सही मोठी झाली. या रुग्णावर लेख लिहावा असेही मनात आले होते. बाराव्या दिवशी मुलगा सांगत आला, की वडिलांची मान व खांदा सारखे हलत आहेत, बसल्या जागी अंग नागमोडी वळते, तोंड चाळवल्यासारखे होते. आम्ही तो वातप्रकोप समजलो आणि चूर्णाची मात्रा ७.५ ग्रॅम केली. चार दिवसांनी ते पहाटे उठून मोरीकडे जाताना चक्कर येऊन पडले. मनगटाचे हाड मोडले. उभ्या स्थितीतील रक्तदाब ९० पर्यंत उतरलेला आढळला.

त्यानंतर आम्ही त्यांच्या तज्ज्ञांना दूरध्वनी केला. खरे तर हे पहिल्याच दिवशी करावयास हवे होते. रुग्ण रोज चार वेळा लेव्होडोपा १०० व कार्बिडोपा २५ मिलिग्रॅमची गोळी घेत होते. आपण कपिकच्छू देत आहोत असे सांगताच तज्ज्ञांनी एकच प्रश्न केला, “त्यातून किती डोपा जातो?” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

कपिकच्छूचे गणित

कपिकच्छूच्या बीजात लेव्होडोपा असतो, हे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच दाखविले होते. म्हणजे पार्किन्सन रोगात लेव्होडोपाचा उपयोग जगास कळण्यापूर्वी सुमारे दोन दशके. मुंबईत १९७८ मध्ये २३ रुग्णांवर या बीजचूर्णाचा अभ्यास प्रसिद्ध झाला; १९९५ मध्ये एचपी-२०० या कल्पाचा ६० रुग्णांवरील बारा आठवड्यांचा अभ्यास आला. लंडन येथे २००४ मध्ये अवघ्या आठ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात कपिकच्छूच्या ३० ग्रॅम कल्पाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि अधिक काळ टिकला. आपल्या द्रव्याविषयी अभिमान वाटावा असे हे सर्व आहे. परंतु याच अभ्यासातील एक आकडा आपण सहसा वाचत नाही. त्या कल्पाच्या १५ ग्रॅममध्ये ५०० मिलिग्रॅम लेव्होडोपा होता, म्हणजे सुमारे ३.३ टक्के. कच्च्या बीजात हे प्रमाण सामान्यतः ४ ते ६ टक्के सांगितले जाते. दुधात स्वेदन, त्वचा काढणे, साठवण यांनी ते बदलते.

३.३ टक्के हेच प्रमाण धरले, तर आमच्या रुग्णाच्या १० ग्रॅम चूर्णातून रोज ३३० मिलिग्रॅम लेव्होडोपा जात होता आणि तो त्यांच्या गोळ्यांतील ४०० मिलिग्रॅमवर चढत होता. आम्ही मात्रा वाढवली तेव्हा ही बेरीज ९०० पर्यंत गेली.

येथे कार्बिडोपाचे कार्य समजून घेतले पाहिजे. नुसता लेव्होडोपा पोटात गेला, तर त्याचा मोठा भाग मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच शरीरात अन्यत्र खर्च होतो. मळमळ व वांती त्यामुळेच होते. कार्बिडोपा हा अपव्यय रोखतो. तो बरोबर असता लेव्होडोपाची गरज सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होते. गोळीतील कार्बिडोपाला गोळीतला डोपा व चूर्णातला डोपा असा भेद कळत नाही. तो आपल्या चूर्णासही तेच संरक्षण देतो. म्हणूनच ज्या ५ ग्रॅम चूर्णाने गोळी न घेणाऱ्या रुग्णास केवळ थोडा उपशय मिळेल, तेच चूर्ण गोळी घेणाऱ्यास कितीतरी पटींनी भारी पडते. ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य या द्रव्याच्या बाबतीत कोणी उच्चारू नये.

आमच्या रुग्णाची नागमोडी हालचाल हा कंप नव्हताच. पार्किन्सनचा कंप विश्रांत स्थितीत, एका लयीत, बहुधा एका बाजूस अधिक असतो. अंगठा व तर्जनी यांत गोळी वळावी तशी गती दिसते. औषधाधिक्याने होणारी अनैच्छिक हालचाल वाहती, नाचरी असते आणि बहुधा मात्रा घेतल्यापासून तास-दीड तासाने, औषधाचा जोर सर्वाधिक असताना दिसते. रुग्णास तिचे फारसे वाटत नाही, नातेवाईक मात्र घाबरतात. पहिल्या प्रकारात औषध कमी पडत असेल. दुसऱ्यात जास्त झालेले असते. दोहोंस ‘वात वाढला’ असे एकच नाव दिले की चिकित्सा उलट्या दिशेस जाते, जशी आमची गेली.

चूर्ण बंद करताच तीन-चार दिवसांत हालचाली शमल्या. गोळ्या मात्र तशाच चालू ठेवल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक तिसरा रुग्ण ‘गोळ्या बंद करून तुमचेच औषध द्या’ असे म्हणतो. लेव्होडोपा एकाएकी थांबवल्यास तीव्र ताठरता, ज्वर व बुद्धिभ्रम होऊन रुग्ण दगावूही शकतो. पंचकर्माच्या काळात, विशेषतः विरेचनाच्या दिवशी, गोळी चुकली तरी हाच धोका संभवतो. आम्ही आता या रुग्णांना तीव्र शोधन देत नाही.

औषधकाल

सुश्रुतांनी दहा औषधकाल सांगितले. अपानाच्या विकृतीत भोजनापूर्वी औषध द्यावे हे आपण पहिल्या वर्षांपासून घोकतो, आणि प्रत्यक्षात रुग्णास ‘सकाळ-संध्याकाळ एक चमचा’ असे सांगून मोकळे होतो. कंपवाताच्या रुग्णात हा आळस क्षम्य नाही.

अन्नातील प्रथिनांचे पचन होऊन जी अमिनो आम्ले तयार होतात, ती आणि लेव्होडोपा हे आतड्यातून व पुढे मेंदूत एकाच दारातून आत शिरतात. दारात गर्दी झाली की औषध मागे राहते. यास्तव गोळी भोजनापूर्वी अर्धा ते एक तास, साध्या पाण्याबरोबर घ्यावी, अथवा भोजनानंतर तासाभराहून अधिक काळ जाऊ द्यावा. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हा प्राग्भक्त किंवा अभक्त काल झाला. कपिकच्छूचे परंपरागत अनुपान दूध. वाजीकरणात ते योग्यच आहे. पण डोपासाठी कपिकच्छू द्यायचा आणि त्यावर पेलाभर दूध पाजायचे, ही एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेण्याची रीत झाली.

उपवासाविषयी एक गोष्ट आम्हांस रुग्णांनीच शिकवली. एकादशीस गोळ्या ‘लागत नाहीत’ अशी तक्रार एका आजींची होती. आम्ही चौकशी केली तेव्हा कळले, की त्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी भरपूर शेंगदाण्याच्या कुटासह, दुपारी शेंगदाण्याची आमटी आणि वर दही, असा बेत असतो. उपवास म्हणून जे खाल्ले जाते त्यात नेहमीच्या भाजी-भाकरीपेक्षा प्रथिने अधिक! गोळीची वेळ खिचडीपूर्वी पाऊण तास केल्यावर एकादशीची तक्रार मिटली. काही रुग्ण उपवासास गोळीही सोडतात; त्यांना औषध उपवासास चालते, हे वैद्याने स्वतः सांगावे लागते. मुलाने सांगून भागत नाही.

प्रथिने कमी करा असा याचा अर्थ नव्हे. या रुग्णांचे वजन घटते, मांसक्षय होतो. ज्यांस गोळीचा परिणाम जेवणाबरोबर वर-खाली होताना स्पष्ट दिसतो, त्यांच्यापुरती डाळ, उसळ, दूध यांची वाटणी रात्रीच्या जेवणाकडे सरकवावी व दर महिन्यास वजन पाहावे. इतरांनी नेहमीप्रमाणे जेवावे. लोहाचे क्षार लेव्होडोपाचे शोषण घटवतात. म्हणून लोह व मंडूर यांचे कल्प द्यावयाचे असल्यास गोळीपासून किमान दोन तासांचे अंतर आम्ही ठेवतो.

हे सर्व घरी पाळले जावे यासाठी आम्ही पहिल्या भेटीत औषधच देत नाही. एक वही देतो. घरातील कोणी एकाने, बहुधा सूनच हे काम करते, तीन दिवस दर तासाला चालणे मोकळे की जखडलेले की नाचरे, यांपैकी एक खूण करावी आणि गोळी, जेवण व शौच यांच्या वेळा लिहाव्यात. तीन दिवसांच्या या वहीने आम्हांस नाडीपरीक्षेइतकेच सांगितले आहे. गोळीचा परिणाम पुढच्या मात्रेपूर्वीच ओसरतो, असे वहीत दिसले की तो कागद आम्ही तज्ज्ञांकडे पाठवतो. मात्रा बदलणे हे त्यांचे काम.

मलप्रवृत्ती

आपल्या चिकित्सेस येथे सर्वाधिक वाव आहे. पक्वाशय हे वाताचे मुख्य स्थान. आधुनिक निरीक्षणही असे, की कंप दिसण्यापूर्वी कित्येक वर्षे मलावष्टंभ असू शकतो, गंधज्ञान जाऊ शकते. (एका रुग्णाच्या पत्नी म्हणाल्या, “फोडणी करपली तरी यांना कळत नसे, आम्हांला वाटे लक्ष नसते.”) जठरातून अन्न पुढे सरकण्यास विलंब लागला तर गोळीही उशिरा काम करू लागते. म्हणजे कोष्ठ मृदू ठेवणे हे एका तक्रारीचे निवारण तर आहेच, शिवाय मुख्य औषधास वाट मोकळी करून देणे आहे. आम्ही तिळतेल किंवा सहचर तेलाचा सुमारे ६० मिलिलिटर मात्राबस्ती भोजनोत्तर देतो, कोमट पाणी दिवसभर थोडे थोडे, आहारात तूप, रात्री गरजेप्रमाणे त्रिफळा किंवा अल्प मात्रेत एरंडस्नेह. इसबगोल दिल्यास पाणी पुरेसे प्यायले जाते ना हे पाहावे; अन्यथा तोच अडथळा होतो.

घर व अंगण

स्नेहन-स्वेदनाने ताठरता सैल होते, झोप सुधारते. परंतु या रुग्णाचा रक्तदाब उभे राहताच उतरतो व उष्णतेने अधिक उतरतो. स्वेदन अल्प असावे, नंतर पंधरा मिनिटे आडवे ठेवावे, मग बसवावे, मग उभे करावे. आणि तळपायाचे तेल पुसल्याशिवाय त्यास जमिनीवर पाय टेकू देऊ नये. अभ्यंगानंतर गुळगुळीत फरशीवरून घसरणे हा पंचकर्मगृहातील सर्वांत साधा आणि सर्वांत महाग अपघात.

चालता चालता पाय जमिनीस चिकटणे हे लक्षण घरच्यांना कोड्यात टाकते. हाच मनुष्य जिना सरसर चढतो आणि सपाट खोलीत दाराशी खिळून उभा राहतो, तेव्हा तो नाटक करतो असे बोलले जाते. ते नाटक नव्हे. पायापुढे ओलांडण्याजोगे काही दिसले किंवा कानी ठेका पडला की अडलेली गती सुटते. आमचे एक रुग्ण शहाबादी फरशीच्या सांध्यांवर पाऊल टाकत उत्तम चालत. मुलाने घर सुधारताना एकसंध चकचकीत फरशी बसवली आणि त्यांचे चालणे अडले. दारापाशी एकेका पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या लावल्यावर ते पुन्हा चालू लागले. दुसरे एक वारकरी गृहस्थ आहेत. पाय अडला की त्यांच्या पत्नी टाळ्यांनी भजनाचा ठेका धरतात आणि ते पावली टाकत निघतात. ओढू नये, ढकलू नये. थांबू द्यावे, ठेका द्यावा. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठा वळसा घ्यावा.

मोरीत व शौचालयात धरावयास दांडा, उकिडव्या बैठकीऐवजी कमोड, पाटाऐवजी हाताची खुर्ची, बटणांऐवजी चिकटपट्टी, पायजम्यास नाडीऐवजी इलॅस्टिक, अर्धाच भरलेला जड पेला ही लहान कामे औषधाइतकीच उपयोगी आहेत. आवाजासाठी रोज अर्धा तास पोथी किंवा वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, दुसऱ्या खोलीत ऐकू जाईल इतके मोठ्याने.

गिळण्याविषयी वैद्यांस एक विशेष सूचना. मधात चाटवलेले कोरडे चूर्ण या रुग्णाच्या घशात अडकते, ठसका लागतो, कण श्वासमार्गात जातात. चूर्ण पूर्ण कालवून लेहरूपात द्यावे, रुग्ण ताठ बसलेला असावा, गिळताना हनुवटी किंचित खाली. खोकला वारंवार होऊ लागल्यास पातळ पदार्थ थोडे दाट करून द्यावेत.

विषादास औषध आहे, पण माणसेही लागतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत रुग्ण व कुटुंबीयांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. आम्ही रुग्णास तेथे जाण्यास आवर्जून सांगतो. आमच्या शिक्षक रुग्णाने मनगट बरे झाल्यावर अशाच एका सभेत स्वतःची हकीकत सांगितली, आमच्या चुकीसह. तेव्हा आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो.

औषधी विक्रेत्यांसाठी

कपिकच्छूची कॅप्सूल देताना ती साध्या चूर्णाची आहे की घनसत्त्वाची, हे पाहावे. २० टक्के लेव्होडोपा असलेल्या घनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा. ती ‘शक्तीसाठी’ म्हणून मागितली गेली तरीही. ग्राहकाच्या दुसऱ्या चिठ्ठीवर ११०, १२५ किंवा २७५ असा आकडा असलेली लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिसल्यास वैद्यास विचारल्याविना कपिकच्छू देऊ नये. खुरासानी ओव्याने कंप कमी होतो हे खरे. शार्को यांनीही त्याच जातीचे क्षार वापरले होते. परंतु वृद्धांत त्याने भ्रम, मलावष्टंभ व मूत्ररोध होतो. अष्ठीलावृद्धी असलेल्यास तो वर्ज्यच समजावा.

सर्पगंधेची गोष्ट याहून गंभीर. तिच्यातील रिसर्पिन मेंदूतील डोपामिनचा साठा रिकामा करते. रिसर्पिनने निश्चेष्ट झालेले प्राणी लेव्होडोपाने पुन्हा हालचाल करू लागले, या १९५७ च्या प्रयोगातूनच आर्विद कार्लसन यांनी या रोगाच्या चिकित्सेची दिशा दाखवली. त्यांच्या डोपामिनविषयक कार्यास २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्याकडे एक ६१ वर्षांच्या बाई ‘कंपवात’ म्हणून आल्या होत्या. चेहरा निर्विकार, दोन्ही हातांस सारखाच कंप, चाल मंद. वर्षभराहून अधिक काळ त्या झोपेसाठी व रक्तदाबासाठी सर्पगंधेच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेत होत्या. प्रारंभीची चिठ्ठी केव्हाच हरवली होती. रक्तदाबाची अन्य व्यवस्था करून सर्पगंधा क्रमाने थांबवली. चौथ्या महिन्यात कंप राहिला नाही. कपिकच्छू द्यावाच लागला नाही.

चक्कर येते म्हणून महिनोन्महिने घेतलेले सिनारिझिन अथवा फ्लुनारिझिन, वांतीसाठीचे मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन ही औषधेही असेच चित्र निर्माण करतात. म्हणून दोन्ही बाजूंस सारखा व थोड्या महिन्यांत वाढलेला कंप घेऊन कोणी आले, तर आम्ही प्रथम घरातील औषधांचा डबाच घेऊन यावयास सांगतो. डबा टेबलावर उपडा करून प्रत्येक पट्टी व पुडी वाचतो. नाडी त्यानंतर पाहतो.